हुंड्यातला रेडिओ

आमच्या घरातला पहिला रेडिओ हुंड्यात आला. बापाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ असं तिन्ही पाहिजे होतं. आईच्या वडिलांनी एक बैल विकून तिन्ही दिलं. पुढं त्याच रेडिओवर, दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात, एक वकीलबाई घसा ताणून सांगायच्या की हुंडा देणं-घेणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. माय भाकरी थापता थापता ऐकायची आणि एकदा रेडिओकडं, एकदा बाजेकडं बघायची. रेडिओला मान नसते, त्यामुळं तो ती खाली घालू शकत नव्हता. बापाला होती, पण बाजेवर पालथा झोपलेला माणूस ती आणखी किती खाली घालणार?

आमचं गंगाखेड परभणीपासून चाळीसेक किलोमीटर. परभणीला 1968 साली आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि पुढं मिडीयम वेव्हवरचा 1305 हा आकडा आमच्याकडं घरच्या गाडीच्या नंबरासारखा पाठ झाला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमची बढाई. ती खरी करून दाखवायला रेल्वेचं जंक्शन, कृषी विद्यापीठ आणि हे केंद्र एवढा ऐवज आम्हाला पुरतो.

आता मुद्दा. 13 फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन असतो आणि 8 मार्चला महिला दिन. मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत कुठल्या तरी कॉलेजात, कुठल्या तरी मंडळात हमखास एक उत्साही माणूस उभा राहतो आणि म्हणतो, 'बायकांचे ते जुने रेडिओ कार्यक्रम मिळवा ना, ऐकवू या.' सूचना एकमतानं मंजूर होते. मग शोधाशोध. आणि मग शांतता. रेडिओवर शांतता पडली की पूर्वी 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' असं म्हणायचे. इथं तेवढंही कुणी म्हणत नाही.

कारण साधं आहे. टेप पुसल्या.

पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत, तिचं मोठं स्पूल. फीत महाग, पुरवठा मोजका. त्यामुळं देशभरच्या केंद्रांवर रिवाज एकच होता: कार्यक्रम वाजला की टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला वापरायची. काटकसर म्हणून यात वावगं काही नाही. आमच्या मायनं साखरेच्या पोत्याची पिशवी, पिशवीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं केलं, तेव्हा तिला कुणी इतिहासाचा नाश केला म्हटलं नाही. पण सगळ्याच टेप पुसल्या नाहीत, गंमत तिथं आहे. काही टेपांवर 'जपण्याजोगं' अशी चिठ्ठी लागायची. 12 नोव्हेंबर 1947 ला गांधीजी दिल्लीच्या प्रसारण भवनात आले, कुरुक्षेत्राच्या निर्वासितांशी बोलले. ते भाषण जपलं आणि ते योग्यच झालं. पंतप्रधानांची भाषणं जपली, उस्तादांचे राग जपले. तेही योग्य. कैरीचं लोणचं, बाळाला देवीची लस, माहेरचा हिस्सा, नवऱ्यानं मारलं तर काय करायचं, जात्यावरच्या ओव्या, या टेपा मात्र पुसायच्या गठ्ठ्यात. म्हणजे यंत्र बिचारं निर्दोष होतं. चिठ्ठी लावणाऱ्या हाताला देश म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं, आणि त्यात लोणचं बसत नव्हतं.

तसं बायकांना रेडिओनं वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणू नये. वाऱ्यावरच तर घेतलं. मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' होतं, लीलावती भागवतांसारख्या लेखिका ते सांभाळत. 'पुन्हा प्रपंच'मध्ये नीलम प्रभूंच्या मीनावहिनी होत्या आणि त्या बोलल्या की पंत आणि टेकाडे भावजी दोघंही जरा सावरून बसायचे. हे सगळं मध्यमवर्गीय, शहरी, पदर नीट खोचलेलं होतं, पण होतं. खेड्यात मात्र घोळ वेळेचा होता. बायकांचा कार्यक्रम दुपारी, कारण दुपारी बाई घरी मोकळी असते, असं कार्यक्रम आखणाऱ्या साहेबांना त्यांच्या घरावरून वाटलं. गंगाखेडच्या शिवारात दुपारी बाई खुरपायला, नाही तर कापूस वेचायला. दिवाळी झाली की ऊसतोडीला, म्हणजे जिल्ह्यातच नाही. मग बायकांचा कार्यक्रम ऐकायचं कोण? पानटपरीवरचे बाप्ये. गर्भारपणात लोह कशातून मिळतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यात नीट टपरीवाल्या मामाला ठाऊक होतं. त्यानं ते बायकोला कधी सांगितलं नाही. तिनं विचारलं नव्हतं.

शेतकऱ्यांचं खातंही असंच. 1956 साली पुण्याच्या केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं गावोगाव श्रोता मंडळं बसवली. ऐका, चर्चा करा, प्रश्न पाठवा. जगानं त्या प्रयोगाची वाहवा केली. मंडळात बसले जवळपास सगळे पुरुष. शेतात निम्म्याहून जास्त काम करणारी माणसं तेव्हा भाकऱ्या बडवत होती, कारण चर्चेनं भूक लागते.

कायद्याचं तर विचारूच नका. महाराष्ट्रानं 1994 साली वारसा कायद्यात दुरुस्ती केली, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानं हिस्सा दिला. केंद्राला हे सुचायला 2005 उजाडलं, त्यामुळं आपली पाठ थोपटायला हरकत नाही. हळूच थोपटा मात्र. त्या 1994 च्या कायद्यात एक बारीक फट होती: दुरुस्ती लागू होण्याआधी जिचं लग्न झालं तिला हिस्सा नाही. म्हणजे पोरगी लवकर उजवणारे बाप नुसते कर्तव्यातून मोकळे झाले नाहीत, वाटणीतूनही झाले. आणि जिला हिस्सा मिळाला तिच्यासाठी तलाठी सज्जात 'हक्कसोड' नावाचा कागद तयारच असतो. राखीपौर्णिमेला भाऊ साडी आणतो, साडीखाली कागद असतो. साडी नेसायची, कागदावर अंगठा द्यायचा. हे रेडिओवर किती वेळा, किती बायांनी समजावून सांगितलं असेल! आज ऐकायला मिळालं असतं तर निदान कळलं असतं, की आपण अज्ञानात होतो का नाटक करत होतो.

माझी आत्या एकदा रेडिओवर गायली. केंद्र कुठलं ते सांगत नाही. एकट्या त्या केंद्राचा तो दोष नव्हताच. तिला बोलावणं आलं ते टपालानं, छापील करारपत्रावर, आणि आकाशवाणीचं करारपत्र तेव्हा भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीनं असायचं. सासरी कुणी तिला कधी साधं 'अहो' म्हटलं नव्हतं आणि इथं थेट राष्ट्रपती! सासऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, जप्तीचा नाही याची खात्री झाल्यावर परवानगी दिली. आत्या एसटीनं गेली, सोबत दीर. स्टुडिओत जाताना चपला बाहेर काढायला सांगितल्या तेव्हा तिला देवळात आल्यासारखं वाटलं. आत जातं नव्हतं. जात्याशिवाय ओवी येईना. गळा हाताबरोबर चालायची सवय, हात रिकामा तर गळा अडतो. शेवटी कार्यक्रमवाल्या बाईंनी तिला मांडीवर पालथी परात घेऊन ती फिरवायला सांगितली, आवाज होऊ न देता. आत्या परात दळत गायली. चेक तिच्या नावाचा आला, बँकेत खातं नवऱ्याचं. बाकी तुम्ही ओळखलं असेल.

पुढं कैक वर्षांनी तिनं भाच्याला, म्हणजे मला, कामाला लावलं: 'जाऊन बघ रे, माझा आवाज हाय का तिथं.' मी गेलो. एका सज्जन माणसानं चहा पाजला आणि सांगितलं, 'त्या काळातलं काही नाही राहिलं.' परतल्यावर आत्याला सांगितलं. ती म्हणाली, 'राष्ट्रपतीला सांगितलं व्हतं का पुसायच्या आधी?'

या देशात बाईचा रेडिओवरचा शब्द नीट जपायचं काम कुणी केलं असेल तर ते इंग्रजांच्या पोलिसांनी. थट्टा नाही. 1942 च्या चळवळीत उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीनं मुंबईत साथीदारांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत. 12 नोव्हेंबर 1942 ला पकडली गेली. (तारीख बघा. बरोबर पाच वर्षांनी त्याच दिवशी गांधीजी सरकारी माइकसमोर बसले. तो दिवस आपण सार्वजनिक प्रसारण दिन म्हणून पाळतो, भाषणासाठी, अटकेसाठी नव्हे.) त्या रेडिओवर काय काय बोललं गेलं ते आज वाचता येतं, कारण पोलीस रोज कान लावून ते उतरवून घेत होते. खटल्याला पुरावा पाहिजे होता. यावरून धडा घ्यायचा तर असा, की बायांनो, सरकारनं तुमचा आवाज जपावा असं वाटत असेल तर आधी राजद्रोह करा. लोणच्याची कृती कोण फाइल करतो?

कागदाचं तरी वेगळं काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. पुरुषांची सालटी काढली, त्यामुळं पुरुषांनी ती वाचली नाही असंच ठरवलं. स. गं. मालशांनी 1975 साली ते पुस्तक पुन्हा उजेडात आणलं. मध्ये त्र्याण्णव वर्षं. टेप असती तर पहिल्याच आठवड्यात तिच्यावर कीर्तन घेतलं असतं.

मग हे जपायचं काम केलं कुणी? ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' केलं. सरोजिनी बाबर आयुष्यभर लोकसाहित्य वेचत राहिल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढं इथलेच झालेले गी पॉइटविन, हे दोघं ऐंशीच्या दशकात गावोगाव जाऊन जात्याजवळ बसले. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका, लाखाच्या वर ओव्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या साथीनं शंभर तासांवर ध्वनिमुद्रणही झालं. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या लोकांसमोर ठेवल्या, प्रत्येकीचं नाव, गाव, जात, सगळं लिहून. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. ताडकळस काय लांब आहे! आपल्या शेजारचा आवाज आपल्याला कळायला फ्रान्सहून माणूस यावा लागला, याची लाज वाटायला हरकत नाही, पण त्याच्या आधी एकदा ऐका. लाज ऐकल्यावर नीट वाटते.

मुंबईत 1988 पासून 'स्पॅरो' नावाची संस्था आहे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी या तिघींनी उभी केलेली. काम एवढंच: बायकांचे आवाज, चित्रं, कागद जपणं. संस्थेचं नाव चिमणीचं. चिमणीचं घर मेणाचं होतं आणि कावळ्याचं शेणाचं, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. पावसात वाहून गेलं ते कुणाचं, हे कार्यालयांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आणि ज्यांना संग्रहाबिंग्रहाचं नावही नको होतं, थेट माइकच पाहिजे होता, त्यांची कहाणी आणखी भारी. आपल्या राज्याच्या सीमेपलीकडं, जहिराबादजवळच्या माचनूरमध्ये दलित शेतकरी बायकांनी 1998 सालीच स्टुडिओ उभा केला. सरकार परवाना देईना. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 लाच सांगून ठेवलं होतं, पण जनता म्हणजे कोण, हे ठरायला मंत्रालयाला वेळ लागतो. दहा वर्षं या बायका बी-बियाणं, बाळंतपण, सणांची गाणी असं सगळं कॅसेटवर भरत राहिल्या आणि गावच्या बैठकीत ऐकवत राहिल्या. 2008 ला 'संघम रेडिओ' हवेत आला. त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली, बायकांच्या बँकेच्या आधारानं. म्हणजे खातं बायकोचं आणि माइकही तिचा. माझी आत्या चुकीच्या तालुक्यात जन्मली.

पण थांबा, गंगाखेडची मान खाली घालायला मी बसलेलो नाही. आपल्याकडं जनाबाई आहे. दमा आणि करुंडाची पोर, गोदाकाठची, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. टेप नाही, स्पूल नाही, परवाना नाही, बी-हाय ग्रेडची ऑडिशन नाही. सातशे वर्षं ते दळणाऱ्या बायकांच्या तोंडात राहिले आणि एकीनंही पुसले नाहीत. वर जनी हुशार. प्रत्येक अभंगात शेवटी आपलं नाव ओवून ठेवलं. नाममुद्रा म्हणतात तिला. मी त्याला त्या काळचा कॉपीराइट म्हणतो. रेडिओवरच्या कैक बायकांचं नाव मात्र नुसतं 'ताई' नाही तर 'मैत्रीण' राहिलं.

याच जनीनं डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून भरल्या बाजारात निघाल्याचं सांगितलंय. सकाळच्या भक्तिसंगीतात ते लागतं, बापलोक चहा पिताना मान डोलावतात. हेच दुपारी एखाद्या बाईनं साध्या गद्यात म्हटलं असतं तर केंद्राच्या फाटकावर मोर्चा. चाल लावली की बाई संत होते, बिनचालीची बोलली की बिघडलेली. गोदाकाठी तिचं मंदिर आहे, उत्सवात कर्णे लागतात, आणि कर्ण्यातून तिचे अभंग गातात ते बहुतेक बुवा. जनी असती तर म्हणाली असती, जरा सरका, मला दळायचंय.

आता आत्याच्या गोष्टीतलं राहिलेलं. इथवर मी साहेबांवर, चिठ्ठीवर, मंत्रालयावर तोंडसुख घेतलं. खरं असं, की आत्याचा आवाज पुसला गेला नव्हता. ती रेडिओवर लागली त्या दिवशी माझ्या बापानं, त्याच हुंडा घेणाऱ्या बापानं, टेपरेकॉर्डर मागून आणून रेडिओजवळ ठेवला आणि बहिणीच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या. मध्ये कोंबडं आरवलेलं, मायनं मला 'गप बस' म्हटलेलं, सगळं त्यात होतं. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असायच्या. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बापानं दोन्ही मोडल्या. सरकारला जी चिठ्ठी लावता आली नाही ती त्यानं चाकूच्या टोकानं लावली.

1990 च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा होतो. 'मैंने प्यार किया'ची गाणी भरून घ्यायची होती आणि कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. मोडलेल्या पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, ही विद्या तेव्हा सगळ्या पोरांना येत होती. मी लावली. दोन्ही बाजूंना.

आत्याला हे मी कधी सांगितलं नाही. म्हणून तर तिचं करारपत्र घेऊन केंद्रावर गेलो, चहा प्यालो, मान हलवली आणि 'त्यांनी पुसलं' असं सांगून आलो. त्यांनीही पुसलं होतं, हे निमित्त मला चांगलं सापडलं. आत्या चार वर्षांपूर्वी गेली. ती कॅसेट अजून माझ्याकडं आहे. शेवटच्या गाण्यानंतर फीत जरा उरलेली आहे, तिथं आठ-दहा सेकंद आत्या आहे. ओवीचा शेवटचा शब्द आणि मग परातीवर बांगडी लागल्याचा आवाज.

तर गंगाखेडकर, आणि परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, सोनपेठकर: ट्रंकेत, माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागं कुठं असली कॅसेट असेल तर काढा. फीत चिकटली असेल तर जोरानं फिरवू नका, जाणत्याकडं न्या. ज्यांच्या घरी म्हातारी अजून आहे त्यांनी या रविवारच्या आत तिच्यासमोर मोबाइल ठेवा. जातं नसेल तर परात द्या. आधी तिचं नाव तिच्याच तोंडून बोलून घ्या, मग माहेरचं गाव, मग तारीख, गाणं नंतर. फोन म्हणाला की जागा शिल्लक नाही, तर गुड मॉर्निंगचे गुलाब पुसा.